एका कांडीवरचा डोलारा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालेल्या प्रवाशाला हडपसर हे आता गाव म्हणून ओळखू येत नाही. मुठेच्या कालव्याच्या पाण्यावर जेथे ऊस आणि भाजीपाला पिकत असे, तेथे उंच इमारती आणि संगणक कंपन्यांची कार्यालये उभी आहेत. मात्र हडपसर ओलांडून मांजरीच्या शिवारात शिरले की अजूनही ऊस दिसतो आणि द्राक्षाचे मांडवही दिसतात. १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने स्थापन झालेली आणि आज वसंतदादा पाटील यांच्या नावाने ओळखली जाणारी साखर संस्था येथे आहे. १९९७ साली सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही येथेच आहे. शहराच्या वेढ्यात सापडलेल्या या शेतांत जे काम चालते, त्यावर राज्याच्या दोन मोठ्या नगदी पिकांचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून आहे. ते काम म्हणजे नव्या वाणांची पैदास.

उसाला तुरा आला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. तुरा आलेल्या उसाची वाढ थांबते, पुढे तो पोकळ पडतो आणि वजन घटते. परंतु शेतकऱ्याला नकोसा असलेला हाच तुरा वाण पैदास करणाऱ्या शास्त्रज्ञाला वर्षभराच्या प्रतीक्षेनंतर लाभलेली संधी वाटतो. उसाला बी येते आणि ते रुजते, ही गोष्ट जावा आणि बार्बाडोस येथे १८८८ च्या सुमारास स्वतंत्रपणे लक्षात आली, आणि तेव्हापासून उसाच्या संकराचे शास्त्र सुरू झाले. ज्या उसाचे पराग दुबळे तो मादी मानावयाचा, त्याच्या तुऱ्यावर दुसऱ्या जातीचे सकस पराग पाडावयाचे, आणि मिळालेले केसाळ, बारीक बी रुजवावयाचे, अशी ही रीत आहे. दख्खनच्या पठारावर तुरा आला तरी त्यात बी क्वचितच भरते. म्हणून देशाचे हे काम प्रामुख्याने कोइमतूरला होत आले, आणि मांजरीच्या संस्थेनेही आपले संकर केंद्र सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोलीला नेले.

कोइमतूरच्या केंद्राची स्थापना १९१२ ची. तेथे बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी गोड पण नाजूक उसाचा संकर काश या रानगवताशी केला. त्यातून निपजलेला ‘को २०५’ हा वाण १९१८ साली उत्तर हिंदुस्थानातील शेतकऱ्यांच्या हाती पडला. कोणी ढुंकूनही न पाहिलेल्या गवताचा कणखरपणा उसाच्या अंगी आला, आणि त्यानंतरच्या बहुतेक सर्व भारतीय वाणांत हे रानरक्त वाहत आहे. महाराष्ट्रात ‘को ४१९’ आला, त्यानंतर ‘को ७४०’ ने दीर्घकाळ राज्य केले, आणि काणी रोगाने तो हतबल केल्यावर ‘को ८६०३२’ पुढे आला. पाडेगावच्या संशोधन केंद्राने पारखलेला हा वाण १९९६ साली ‘नीरा’ या नावाने राज्यात प्रसारित झाला. टनेज आणि साखर उतारा या दोहोंचा मेळ त्याने घातला, खोडवाही चांगला दिला. साखरधंद्यावर त्याचे उपकार मोठे आहेत, हे कोणीही मान्य करील.

अडचण नेमकी येथेच सुरू होते. उसाची लागण बियाने होत नाही, कांडीने होते. बियाने वाढलेले प्रत्येक रोप वेगळे असते. कांडीने वाढलेला प्रत्येक ऊस मात्र मूळ उसाचाच अंश असतो. याचा अर्थ असा की, राज्यातील लक्षावधी एकरांत डोलणारा ‘को ८६०३२’ हा वस्तुतः एकाच रोपाचा विस्तार आहे. तीन दशके होत आली तरी राज्यातील उसाच्या क्षेत्राचा फार मोठा वाटा त्याच्याकडेच आहे. ज्या रोगाला त्या एका रोपाचे मर्म सापडेल, त्याला साऱ्या शिवाराचे सापडले असे समजावे.

ही केवळ कल्पनेतील भीती नव्हे. २००९ साली प्रसारित झालेल्या ‘को ०२३८’ या वाणाने उत्तर प्रदेशात अक्षरशः क्रांती केली. काही वर्षांत तेथील चार पंचमांशांहून अधिक क्षेत्र त्याने व्यापले. पुढे लाल कूज रोगाने नेमका त्यालाच गाठले आणि ज्या वाणाने घर भरले तोच उपटून टाकण्याची पाळी आली. महाराष्ट्रानेही २००२ साली सांगलीकडून पसरलेल्या लोकरी माव्याच्या रूपाने संकटाची चुणूक अनुभवली आहे. मित्रकीटकांच्या मदतीने तो आटोक्यात आला. पुढचे संकट इतके दयाळू असेलच असे नाही.

मांजरीतच द्राक्षाची कथा निराळी नाही. राज्यातील द्राक्षबागांचा पाया थॉमसन सीडलेस हा आहे. तास-ए-गणेश आणि सोनाका हे महाराष्ट्रातील बागाईतदारांच्या चाणाक्ष नजरेने टिपलेले वाणही त्याच्याच कुळातील, आणि द्राक्षाचीही लागण फाट्यांनीच होते. २०१९ च्या ऑक्टोबरात अवकाळी पाऊस कोसळला तेव्हा नाशिकच्या बागाईतदारांनी हे एकसारखेपण किती महाग पडते ते पाहिले. बिनबियांच्या द्राक्षाचा संकर करणे तर अधिकच कठीण, कारण ज्या वेलीला बीच धरत नाही तिला माता कसे करावयाचे? अर्धवट वाढलेला गर्भ प्रयोगशाळेत काढून जगवावा लागतो. तरीही मांजरीच्या केंद्राने पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून ‘मांजरी मेडिका’ हा रसाचा वाण दिला. पुण्याच्याच आघारकर संस्थेने अमेरिकन कटाबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्यापासून बुरशीरोगांना दाद न देणारा ‘एआरआय ५१६’ निर्माण केला. खाण्याच्या द्राक्षात मात्र आता परदेशी खाजगी पैदासकारांचे वाण आले आहेत, आणि ते लावावयाचे तर मोबदला मोजावा लागतो. जे काम सार्वजनिक संस्थांकडून वेळेवर करवून घेतले जात नाही, त्याची किंमत शेवटी शेतकऱ्यालाच चुकवावी लागते.

या स्थितीचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्याचे वर्षाचे उत्पन्न एका पिकावर अवलंबून आहे, तो पारखलेले बेणे सोडून नव्याचा जुगार का खेळेल? कारखान्यांनाही उताऱ्याची काळजी असते. २००७ साली आलेल्या ‘फुले २६५’ ने क्षारपड जमिनीतही भरघोस टनेज दिले, तरी काही कारखान्यांनी उताऱ्याच्या धास्तीने त्याच्याकडे नाक मुरडलेच. प्रत्येकजण आपापल्या जागी शहाणपणाने वागतो आणि सर्वांचे मिळून मात्र धोक्याचे होते, असा हा पेच आहे. तो सुटावयाचा तर धोका एकट्या शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. कारखान्याने आपल्या क्षेत्रात कोणत्याही एका वाणाची मर्यादा ठरवावी, नव्या वाणांचे निरोगी बेणेमळे स्वतः उभारावेत आणि पहिल्या लागणीच्या तुटीचा भार उचलावा. शासनाने पैदास केंद्रांना दिला जाणारा निधी वर्षागणिक कृपेचा विषय न ठेवता दीर्घ मुदतीचा करावा. एका संकरापासून शेतापर्यंत पोचावयास दहा ते पंधरा वर्षे लागतात. विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते, आणि रोगाला तर मुदतीचे बंधन नसते.

शेवटी प्रश्न जमिनीचाही आहे. हजारो रोपे लावून त्यांतील एक निवडण्याच्या या कामाला खुले शिवार लागते, आणि हडपसरकडून मांजरीकडे सरकणारे शहर त्या शिवाराकडे निव्वळ चौरस फुटांच्या हिशोबाने पाहते. ती जमीन राखणे म्हणजे संस्थांची मालमत्ता राखणे एवढेच नव्हे. ‘को ८६०३२’ ची जागा घेणारा ऊस आज कोठे तरी लहानशा वाफ्यात, बिनानावाचा, केवळ एका क्रमांकाने उभा असेल. तो वेळेवर हाती यावयाचा असेल, तर जुना वाण शेतात जोमाने उभा असतानाच त्याची चिंता वाहिली पाहिजे.