हौशी चालक, शर्यतीचा ट्रॅक आणि सहीचा कागद

२ जून २००५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फॉन्टाना शहरातल्या ‘कॅलिफोर्निया स्पीडवे’ या ट्रॅकवर फेरारी मालकांच्या क्लबने एक मेळावा भरवला होता. ती शर्यत नव्हती, बक्षीसही नव्हते. ज्यांच्याकडे वेगवान गाड्या आहेत त्यांनी त्या मोकळेपणी पळवून पाहायच्या, एवढाच हेतू. एक जण पोर्शे कंपनीची करेरा जीटी घेऊन आला होता. दहा सिलिंडरची, सहाशे अश्वशक्तीच्या वरची गाडी. घसरू लागल्यावर आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिच्यात नव्हती. शेजारी पाहुणा बसला होता. गाडी भरवेगात असताना पिट लेनमधून, म्हणजे ट्रॅकवर जाण्या-येण्याच्या बाजूच्या मार्गिकेतून, एक फेरारी संथपणे ट्रॅकवर आली. तिला चुकवताना करेरा जीटीवरचा ताबा सुटला आणि ती काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. चालक आणि पाहुणा दोघेही मरण पावले.

अशा मेळाव्यांना ‘ट्रॅक डे’ म्हणतात. त्यांच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद केला जातो आणि तो खोटा नाही. वेगाची हौस रस्त्यावर भागवण्यापेक्षा ट्रॅकवर भागवलेली बरी. तिथे समोरून येणारी वाहने नसतात, रस्ता ओलांडणारी शाळकरी मुले नसतात. मात्र यात धोका कमी होतो तो इतरांचा. गाडीत बसलेल्याचा कमी होईलच असे नाही, कारण तिथे वेगच वेगळा असतो.

वेग दुप्पट झाला की गाडीची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. उत्तम टायर आणि कोरडा ट्रॅक असेल तर ताशी ८० किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण २५ मीटरमध्ये थांबते. ताशी १६० वेगात त्यासाठी १०० मीटर लागतात. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडीने आणखी ४४ मीटर कापलेले असतात. या वेगाने भिंतीवर सरळ आदळणे म्हणजे सुमारे १०० मीटर उंचीवरून, तीसेक मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्यासारखे आहे. रस्त्यावरच्या गाड्यांच्या समोरासमोर धडकेच्या नेहमीच्या चाचण्या ताशी ५६ ते ६४ किलोमीटर वेगाने होतात. एअरबॅग आणि चेपला जाणारा पुढचा भाग यांची रचना याच टापूतल्या वेगासाठी केलेली असते. पाच तारे मिळालेली गाडी ट्रॅकवरही पाच ताऱ्यांचीच, हा गैरसमज आहे.

शरीराचे काय होते? पट्टा छातीला धरून ठेवतो, पण डोके मोकळे असते. धडकेत धड थांबते आणि साडेचार-पाच किलोचे डोके पुढेच जात राहते. त्यावर हेल्मेटचे दीड किलो वजन असेल तर मानेवरचा ताण आणखी वाढतो. कवटीचा तळ मणक्याला जिथे जोडलेला असतो तिथेच हा ताण येतो. तिथले हाड तुटले तर मेंदूचा खालचा भाग आणि मोठ्या रक्तवाहिन्या फाटू शकतात. श्वास आणि हृदयाचे ठोके चालवणारी केंद्रे तिथेच असतात. अशा जखमीपर्यंत रुग्णवाहिका दोन मिनिटांत पोहोचली तरी बहुधा उपयोग होत नाही.

अमेरिकेतील विख्यात शर्यतपटू डेल अर्नहार्ट १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत याच दुखापतीने गेले. यावर उपाय तोपर्यंत निघालेला होता. जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी १९८०च्या दशकात ‘हॅन्स’ हे साधन तयार केले होते. ते खांद्यांवर बसते आणि हेल्मेटला दोरीसारख्या पट्ट्यांनी जोडलेले असते, त्यामुळे धडकेत डोके धडाबरोबरच थांबते. अनेक चालकांना ते अवघडल्यासारखे वाटत असे. अर्नहार्ट यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी नॅसकार या शर्यत संघटनेने डोके-मानेच्या संरक्षणाची सक्ती केली, तर फॉर्म्युला वनमध्ये हॅन्स २००३ पासून सक्तीचे झाले.

हौशी चालकाची अडचण इथेच सुरू होते. हॅन्स जागेवर राहायला दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे लागतात आणि नेहमीच्या गाडीत ते नसतात. मग कुणी बाजारातून चार पट्ट्यांचा हार्नेस आणून बसवतो. त्यात मांड्यांमधून जाणारा पट्टा नसेल तर धडकेत शरीर खाली घसरते, कमरेचा पट्टा पोटावर चढतो आणि यकृत, प्लीहा किंवा आतडी फाटतात. शिवाय हार्नेसने ताठ बांधलेल्या माणसाला गाडी उलटल्यावर बाजूला वाकता येत नाही, त्यामुळे छत खाली चेपले तर भार थेट मानेवर येतो. आसन, पट्टे, छताखालचा पोलादी सांगाडा आणि हॅन्स ही सगळी मिळून एकच व्यवस्था आहे. तिचे अर्धे तुकडे बसवणे काही वेळा न बसवण्यापेक्षा वाईट ठरते.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र हौशी चालकांनी जगावर उपकारच केले आहेत. पीट स्नेल हे अमेरिकेतील हौशी शर्यतपटू १९५६ साली डोक्याच्या दुखापतीने मरण पावले. त्यांचे मित्र आणि डॉ. जॉर्ज स्नाइव्हली यांनी पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने संस्था काढली आणि हेल्मेट प्रयोगशाळेत तपासून प्रमाणित करायला सुरुवात केली. स्नेलच्या खुणेत मोटारसायकलचे आणि मोटार शर्यतीचे हेल्मेट वेगळे असते. दुसऱ्यात आग सहन करण्याची कसोटीही असते, कारण मोटारीत माणूस पेट्रोलच्या टाकीसह बंदिस्त असतो. घरातले दुचाकीचे हेल्मेट घेऊन ट्रॅकवर जाणाऱ्यांना हा फरक सहसा ठाऊक नसतो.

मेंदूचे वागणेही लक्षात घ्यायला हवे. भीतीच्या क्षणी ॲड्रेनलिन वाढते, नाडी धावते आणि लक्ष आकुंचन पावते. नवशिक्याची नजर मग मोकळ्या वाटेवर न जाता धोक्यावरच खिळते आणि हात नजरेच्या मागे जातात. ज्या भिंतीला टाळायचे, गाडी तिकडेच वळते. तशात शेवटच्या फेरीपर्यंत घाम गेलेला असतो, पाणी कमी प्यायलेले असते, आत्मविश्वास मात्र सकाळपेक्षा वाढलेला असतो. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकापुढे अशा वेळी ब्रेकचा पेडलही नसतो, कारण गाडी दुसऱ्याची.

म्हणूनच सगळा भार चालकावर टाकून चालत नाही. फॉन्टानाच्या अपघातात निघालेला पहिला प्रश्न हाच होता. पाहुण्यासह सर्वांनी धोका मान्य असल्याच्या कागदावर सह्या केल्या होत्या, तरी त्याच्या पत्नीने दावा लावला. फेरारीला ट्रॅकवर जाण्याचा इशारा चुकीच्या वेळी दिला गेला, भिंत धोक्याच्या जागी होती, गाडीच्या तक्रारी मालकाला माहीत होत्या, गाडी सावरणारी यंत्रणा कंपनीने दिली नव्हती, असे आरोप त्यात होते. निकालाआधीच तडजोड झाली, सुमारे ४५ लाख डॉलरची. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा मृत चालकाच्या मालमत्तेतून आला, सुमारे ४० टक्के ट्रॅक व आयोजकांकडून आणि उरलेला लहान हिस्सा पोर्शे व फेरारीचा चालक यांच्याकडून. न्यायालयाने दोष ठरवला नाही, पण पैशांच्या या वाटणीतून जबाबदारी किती जणांत विभागलेली असते हे दिसते. २००७ साली एका वेगळ्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की घोर निष्काळजीपणाची जबाबदारी अशा सहीने आगाऊ माफ होत नाही. तो खटला शिबिरात बुडून मरण पावलेल्या एका मुलीचा होता.

ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूरचा करी स्पीडवे इथे हौशी चालकही जातात. जाणाऱ्याने गाडीच्या विम्याचा कागद आधी वाचावा. भारतातील नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर रुग्णवाहिका उभी आहे का, तिच्यात डॉक्टर आहे का, मेंदूची शस्त्रक्रिया होणारे सर्वांत जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे आयोजकाला विचारण्यात संकोच नको. ज्यांना अपस्मार आहे, इन्सुलिन चालू आहे, हृदयात स्टेंट आहे किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे, त्यांनी नावनोंदणीपूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. ट्रॅकवर जाताना चालू औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी, कारण बेशुद्ध रुग्णाच्या डोक्यात रक्तस्राव होत असताना तो कोणती गोळी घेतो हे ठाऊक असले तर तिचा उतारा लगेच सुरू करता येतो.