तान्ह्या मुलांचा श्वासविकार व प्राणवायूची निकड

अन्नसाहाय्याच्या निवेदनांत छातीच्या रोगाचें प्रकरण कशास, अशी शंका दात्यांस येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर असें कीं, अर्धपोटी मातांचीं मुलें कमी वजनाचीं उपजतात, आणि या रोगाचा घाव अशा मुलांवर जबर पडतो.

मुलाचें पोट उडूं लागलें कीं आपल्याकडे ‘डबा झाला’ म्हणतात. या नांवाखालीं मोडणाऱ्या विकारांपैकीं एकास डॉक्टर लोक ब्रॉंकिओलायटिस म्हणतात. यांत फुप्फुसांतील अगदीं बारीक श्वासनलिका सुजून कफानें भरतात. ज्या विषाणूनें मोठ्या माणसास नुसतें पडसें येतें, त्यानेंच दोन महिन्यांच्या मुलाची नलिका बुजते. कारण ती मुळांतच अरुंद. हा विषाणु बहुधा आर. एस. व्ही. नांवाचा असतो, त्याचा शोध १९५६ सालीं लागला.

तज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणें २०१९ सालीं या एका विषाणूच्या छातीच्या विकारानें जगांत पांच वर्षांखालील सुमारें ३६ लक्ष मुलांस रुग्णालयांत ठेवावें लागलें व १ लक्षाहून अधिक दगावलीं. दगावलेल्यांत जवळजवळ निम्मीं सहा महिन्यांच्या आंतलीं. शेंकडा ९७ मृत्यु गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. आणि सर्वांत बोंचणारी गोष्ट ही कीं, रुग्णालयांत झालेले मृत्यु एकंदरीच्या सुमारें चतुर्थांशच. बाकीचीं मुलें रुग्णालयाबाहेर गेलीं.

या विषाणूवर खात्रीचें औषध नाहीं. पोटावर डाग देण्याची चाल तर निव्वळ क्रूरपणा होय. नाक साफ ठेवणें, दूध ओढवत नसेल तर नळीनें पोंचविणें, आणि प्राणवायु, एवढाच इलाज. बहुतेक मुलें पंधरवड्यांत आपोआप बरीं होतात. मधले दोनतीन दिवस मात्र निभावले पाहिजेत.

मूल शांत असतां मिनिटभर श्वास मोजावे. दोन महिन्यांखालीं ६० व पुढें वर्षापर्यंत ५० भरले, बरगड्यांखालीं खळगा पडूं लागला, पिणें सुटलें, किंवा ओंठ निळे पडले, तर उजाडण्याची वाट पाहूं नये. हें मोजणें खेड्यांत जमेल काय? गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवच्याच माणसांस तें शिकवून न्यूमोनियानें होणारे बालमृत्यु कमी केले. तो वृत्तांत १९९० सालीं प्रसिद्ध झाला आहे.

या खात्यांतील रक्कम प्राणवायूचीं यंत्रें, त्यांस लागणारी वीज व रात्रींची गाडी यांजकडे लावण्याचा समितीचा मानस आहे. ज्या जमीनदारांची गाडी बाजाराच्या दिवसाखेरीज रिकामी उभी असते, त्यांनीं ती रात्रीपुरती दिली तरी देणगी पोंचली असें आम्ही समजूं.