आमच्या चंपीचे बाळंतपण आणि ऑपरेशन

आमच्या घरी चंपी नावाची मांजर आहे. ती ९ वर्षांची आहे. माझ्याहून १ वर्षाने लहान. पण जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मांजरीची ९ वर्षे म्हणजे माणसाची पन्नाशी." म्हणजे चंपी म्हातारीच झाली!

या साली ती पुन्हा गाभण राहिली. मांजर सुमारे ९ आठवड्यांनी विते. तेव्हा तिला उचलताना पोट दाबू नये. खायला थोडे थोडे पण जास्त वेळा द्यावे. आम्ही तिला भाकरीबरोबर अंडे आणि मासळी दिली. बाबांनी कोठ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात टोपले ठेवले व त्यात आजीचे जुने लुगडे अंथरले.

चंपीला ३ पिल्ले झाली. पिल्लांचे डोळे १-२ आठवड्यांनी उघडतात. तोवर त्यांना सारखा हात लावू नये. मांजर घाबरते आणि जागा बदलते. दूध पाजणाऱ्या मांजरीला भूक फार लागते. चंपी दुप्पट खायची, तरी तिच्या फासळ्या दिसू लागल्या. पाण्याची वाटी नेहमी भरलेली ठेवावी.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हातारी झाली, सोडून द्या तिले वावरात."

आजी म्हणाली, "इतके सालं तिनं आपल्या ज्वारीतले उंदीर मारले. आता तिले कुठी सोडता? तिचं व्याणं बंद करा."

मग बाबांनी डॉक्टरांना विचारले. मांजर दूध पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून आम्ही तिला बोक्यापासून दूर, खोलीत ठेवले. पिल्ले २ महिन्यांची झाली, चंपीचे दूध आटले, तेव्हा तिला अमरावतीला नेले. वय जास्त म्हणून आधी रक्त तपासले. आदल्या रात्रीपासून खायला दिले नाही. भूल देऊन गर्भाशय व अंडाशय काढतात. मग पिल्ले होत नाहीत आणि गर्भाशयात पू होण्याचा आजारही होत नाही. टाके चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा गोल घातला. १० दिवसांनी टाके काढले. आता तिच्या फासळ्या दिसत नाहीत.

असे डॉक्टर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतात. ते १९५८ साली सुरू झाले. मलाही तिथे शिकायचे आहे.

मित्रांनो, पिल्ले २ महिने आईजवळच राहू द्या. आमची दोन पिल्ले मामांनी नेली. एक पांढरे पिल्लू उरले आहे. ते उंदीर धरायला शिकले आहे. कोणाच्या आईबाबांना पाहिजे असेल तर मला सांगावे.

— इयत्ता ४ थी