परवाना ते पिस्तूल (भाग ७) : जुनं हत्यार, नवा मालक

मागच्या भागात परवाना हाती पडेपर्यंतची पायपीट पाहिली. आता खरेदी. परवाना घेऊन माणूस पहिल्यांदा गन हाउसमध्ये शिरतो तेव्हा किमती ऐकूनच चक्रावतो. कपाटात इशापूरच्या कारखान्याचं .३२ बोअरचं कोरं करकरीत पिस्तूल असतं, आणि शेजारी साठ वर्षांचं, पॉलिश उडालेलं जर्मन वॉल्थर. भाव विचारला तर नव्याच्या कित्येक पट जुन्याचा. दुकानदार तो निर्विकारपणे सांगतो, कारण गिऱ्हाईक त्याला मिळणारच असतं.

याचं मूळ सरकारी धोरणात आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून साध्या परवानाधारकाला परदेशी हत्यार मागवता येत नाही. नामवंत नेमबाजांना खेळापुरती सवलत आहे, तेवढीच. म्हणजे वॉल्थर, ब्राउनिंग, वेब्ली, बेरेटा अशी जी पिस्तुलं त्याआधी देशात आली, तीच या हातातून त्या हातात फिरतात. त्यांत भर पडत नाही, घट मात्र होते. सिनेमात दिसणारं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल तर नागरिकाच्या वाट्याला येतच नाही. लष्कर आणि पोलिसांच्या सेवेतली काडतुसं ज्यात बसतात, ते बोअर कायद्याने प्रतिबंधित आहे. उरतं मुख्यतः .३२, म्हणजेच ७.६५ मिलिमीटर. जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ साली आणलेलं हे काडतूस युरोपातल्या पोलिसांनी अनेक दशकं वापरलं. १९२९चं वॉल्थर पीपी याच काडतुसासाठी गाजलं. आपल्याकडे आजही त्यावर उड्या पडतात, त्या थोड्या गुणांसाठी आणि बऱ्याचशा नावासाठी.

२०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवण्याची मुभा राहिली. ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागलं. वारसाहक्काने आलेलं हत्यारही या दोनातच मोजतात. त्यामुळे आजोबांचं पिस्तूल विकायला काढणारी घरं आता भेटतात.

अशा घरगुती सौद्यात घाई नको. कायद्याच्या पाचव्या कलमानुसार खाजगी मालकाला हत्यार विकायचं असेल तर त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं असतं. कोणाला विकणार त्याचं नाव-पत्ता त्यात हवा. त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे आणि मगच हत्यार हलवायचं. 'आपण घरचेच, कागद मागाहून करू' असं म्हणणारा विक्रेता कितीही भला असला तरी त्याचा चहा पिऊन निघून यावं.

आता प्रत्यक्ष पिस्तूल. हातात घेतल्यावर आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये डोकवायचं, करंगळीनेही चाचपायचं. हा क्रम उलटा केला तर मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये चढते आणि रिकामं समजून धरलेलं पिस्तूल भरलेलं असतं. दुकानदाराने तपासून दिलं तरी आपण पुन्हा तपासायचं. यात कोणी अपमान मानत नाही.

मग नंबर. स्लाइडवरचा, सांगाड्यावरचा आणि परवान्यावरचा आकडा एकेक करून जुळवायचा. पुन्हा निळाई चढवताना कोणी पॉलिशचं चाक जोरात फिरवलं असेल तर आकड्यांच्या कडा झिजलेल्या, उथळ दिसतात. हा फक्त दिसण्याचा दोष नाही. ओळखीचं चिन्ह खोडलेलं हत्यार ज्याच्या ताब्यात सापडतं, त्यानेच ते खोडलं असं आठवं कलम गृहीत धरतं. तसं नसल्याचं सिद्ध करणं त्याच्या गळ्यात पडतं. पुसट नंबराचं पिस्तूल फुकट मिळालं तरी महाग. शिक्क्यांची आणखी एक गंमत आहे. स्लाइडवर वॉल्थरचं आणि उल्मचं नाव असलेली युद्धोत्तर काळातली कित्येक पिस्तुलं प्रत्यक्षात फ्रान्समध्ये, मानुरिनच्या कारखान्यात बनली. माल उत्तमच आहे, पण 'अस्सल जर्मन' म्हणून वरचे पैसे मागणाऱ्याला हे ऐकवायला हरकत नाही.

नळी उजेडाकडे धरून पाहावी. आतले आटे धारदार आणि चकचकीत दिसले पाहिजेत. काळे खड्डे दिसले तर ती जुन्या काडतुसांची देणगी समजायची. त्यांच्या टोपीतल्या रसायनाचा क्षार नळीत मागे राही, तो हवेतली ओल ओढून घेई आणि पोलाद खाई. आपल्याकडे त्यात दमट हवेची भर. कोकणात किंवा मुंबईत कातडी म्यानात घालून कपाटात ठेवलेलं पिस्तूल दोन पावसाळ्यांत गंजायला लागतं, कारण कातडं ओल धरून ठेवतं. म्यानासकट पिस्तूल दाखवणाऱ्याला ते बाहेर काढून मुठीच्या पट्ट्या उघडायला सांगा. खरा गंज पट्ट्यांखाली लपलेला असतो.

वॉल्थर पीपीची रचना साधी आहे. गोळी सुटताना नळी जागची हलत नाही. धक्का थोपवतात ते स्लाइडचं वजन आणि नळीभोवतीची स्प्रिंग. स्प्रिंग मऊ पडली की प्रत्येक बाराला स्लाइड सांगाड्यावर आदळते आणि काही वर्षांनी तडे दिसू लागतात. म्हणून जुनं पिस्तूल घेतलं की जाणकार पहिला खर्च स्प्रिंगांवर करतात. सेफ्टीचीही परीक्षा घ्यावी. या पिस्तुलाचा खटका खाली दाबला की घोडा आपोआप पडतो, पण पिन पुढे जाता कामा नये. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून नळी आभाळाकडे धरायची, रबर खाली करून आत पेन्सिल सोडायची आणि खटका दाबायचा. पेन्सिल उडाली तर सौदा तिथेच थांबवा.

आणि शेवटी रेंजवर जाऊन चालवून पाहावं, तेही जी देशी काडतुसं पुढे मिळणार आहेत त्यांवरच. मॅगझिन अस्सल आहे का, तेही तिथेच कळतं. गोळी अडकण्याचं निम्मं पाप वाकलेल्या मॅगझिनच्या ओठांचं असतं.

पिस्तूल घरी आलं की मालकाला हौस सुटते. परदेशी व्हिडिओ पाहून कोणाला नळी बदलायची असते, कोणाला आवाज कमी करणारं नळकांडं हवं असतं. नळकांडं प्रतिबंधित आहे, विषय संपला. नळी कापून आखूड करणं किंवा हत्यार एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेणं हा सहाव्या कलमाखालचा गुन्हा आहे आणि २०१९पासून त्याची शिक्षा किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. विनापरवाना दुरुस्तीचा धंदा करणाऱ्यालाही तेवढीच. गल्लीतल्या लेथवाल्याकडे हत्यार सोपवून आपण त्यालाही खड्ड्यात ढकलतो. चाप हलका करून घेण्याची टूमही सोडावी. स्वसंरक्षणाच्या पिस्तुलाला हलका चाप म्हणजे घाबरलेल्या हाताला दिलेलं निमित्त.

मग बदलायचं काय? स्प्रिंगा, पुढच्या माशीवर पांढरा ठिपका आणि मूठ. यांतली मूठ सगळ्यात महत्त्वाची आणि तिचं मोल नेमबाजांना विचारावं. २०१८च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, त्यात .२२चं पिस्तूल असतं आणि चापाचं वजन १,००० ग्रॅमच्या खाली चालत नाही. पंच वजन टांगून तपासतात. पिस्तुलाचा आकारही ठरावीक खोक्यात मावावा लागतो. सूट आहे ती मुठीला, फक्त तिने मनगटाला आधार देता कामा नये. म्हणून खेळाडू लाकडी मूठ कानशीने घासतात, कमी पडेल तिथे लाकडाची लुगदी भरतात, ती ओली असताना पकड घेतात आणि वाळल्यावर पुन्हा घासतात. तळव्याच्या खळग्यात लाकूड नेमकं बसलं की बोटं आवळावी लागत नाहीत आणि चाप ओढताना नेम ढळत नाही.

घरगुती .३२लाही हे लागू पडतं. मूळच्या पातळ प्लास्टिक पट्ट्यांऐवजी हाताच्या मापाच्या शिसवी पट्ट्या करून घ्या. मूळच्या मात्र जपून ठेवा, पुढे विकताना त्यांचे पैसे येतात. बाकी हौसेसाठी ठेवलेली रक्कम रेंजवरच्या सरावाला लावा. आणि सौदा करण्याआधी विक्रेत्याकडे ४५ दिवसांच्या सूचनेची पोच मागा. ती दाखवेपर्यंत एक रुपयाही आगाऊ देऊ नका.