एक संग्रह, दोन द्वारे

संगणकाची आज्ञावली लिहिणारा मनुष्य प्रत्येक काम प्रथमपासून स्वतः करीत नाही. तारखांचे गणित, यादीची क्रमवारी अशी नित्याची कामे इतरांनी पूर्वीच लिहून ठेवलेली असतात. अशा तयार आज्ञांच्या संग्रहास ‘लायब्ररी’ म्हणतात, व आज्ञावलीच्या स्वतंत्र भागांस ‘मॉड्यूल’. एका मॉड्यूलने दुसऱ्यास कसे मागवावे, याचे नियम ठरलेले असावे लागतात.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली जावास्क्रिप्ट भाषा रचली, तेव्हा तीत असे नियम नव्हते. २००९ साली ‘नोड’ हे साधन निघाले आणि त्याबरोबर ‘कॉमनजेएस’ ही पद्धत रूढ झाली. तीत ‘रिक्वायर’ या शब्दाने मॉड्यूल मागवितात. पुढे २०१५ साली भाषेच्या मानकातच ‘इम्पोर्ट’ हा शब्द आला. या नव्या पद्धतीत कोणास काय हवे, हे आज्ञावली चालू होण्यापूर्वीच कळते. म्हणून अनावश्यक भाग गाळणे सुलभ होते.

तथापि जुन्या आज्ञावल्या एकाएकी टाकून देता येत नाहीत. म्हणून लायब्ररीचा कर्ता पुष्कळदा दोन्ही पद्धतींच्या प्रती एकत्र देतो. ‘रिक्वायर’ने मागणाऱ्यास कोणती फाइल द्यावी व ‘इम्पोर्ट’ने मागणाऱ्यास कोणती, हे सोबतच्या माहितीपत्रकात, ‘एक्स्पोर्ट्स’ या सदराखाली, नमूद केलेले असते.

परंतु येथेच एक धोका संभवतो. एखाद्या वाचनालयात देवघेवीची दोन रजिस्टरे असली, तर एकात ‘दिले’ म्हणून नोंदलेले पुस्तक दुसऱ्यात शिल्लकच दिसेल. तसेच येथे घडते. एकाच आज्ञावलीतील दोन भागांनी तीच लायब्ररी दोन रीतींनी मागविली, तर संगणकाच्या स्मृतीत तिच्या दोन प्रती उतरतात. एका भागाने लायब्ररीतील गणक तीनदा वाढविला, तरी दुसऱ्यास तो शून्यच दिसतो. चुकीची सूचना मिळत नाही. उत्तर मात्र चुकते.

यावर उपाय असा की, खरे काम व सर्व नोंदी एकाच प्रतीत ठेवाव्या आणि दुसरी फाइल केवळ तिच्याकडे नेणारे पातळ आवरण असावी. २०२४ पासून नोडच्या नव्या आवृत्त्यांत ‘रिक्वायर’नेही बहुतेक नवी मॉड्यूले मागविता येतात, त्यामुळे दोन प्रतींची गरज कमी होत आहे. तोवर तत्त्व एवढेच की, द्वारे दोन असोत, रजिस्टर एकच असावे.