दुकान-गोदामाचा विमा घेण्याआधी काय विचाराल?

२६ जुलै २००५ चा पाऊस भिवंडीकर विसरलेले नाहीत. त्या दिवशी आमच्या तळमजल्यावरील गाळ्यात कमरेइतके पाणी शिरले. खालच्या थरातील कोऱ्या कापडाच्या गाठी दोन दिवस पाण्यात राहिल्या. पाणी ओसरल्यावर गाठी फोडल्या, तेव्हा तागे काळे पडले होते आणि वासाने आत उभे राहवत नव्हते. घरच्यांना धीर देताना मी एकच वाक्य बोलत होतो, "फिकीर करू नका, विमा आहे."

विमा होता. हप्ताही वेळेवर भरलेला होता. पण कंपनीच्या कचेरीत पॉलिसी दाखविली तेव्हा साहेबांनी एका ओळीवर बोट ठेवले. वादळ व पूर हा भाग पॉलिसीतून वगळलेला होता आणि त्याबद्दल हप्त्यात सवलत दिलेली होती. एजंटला बोलावले तर तो म्हणाला, "सेठ, हप्ता कमी करा असे तुम्हीच तर म्हणाला होतात." तो खोटे बोलत नव्हता. मी सवलतीचा आकडा पाहिला होता. सवलत कशाबद्दल, ते विचारले नव्हते. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले आणि पॉलिसी इंग्रजीत, बारीक टाइपात. वाचून सांगणारे कोणी नव्हते असे नाही. वाचून घेण्याची गरजच वाटली नाही.

त्यानंतर मी एक गोष्ट पक्की शिकलो. विमा आपल्या गोदामातील मालाचा नसतो, कागदावर लिहिलेल्या मालाचा असतो. गोदामात काय आहे आणि कागदावर काय आहे, यात जेवढा फरक तेवढे नुकसान आपले. हा फरक विमा घेण्यापूर्वीच काढून टाकता येतो. आग लागल्यावर तो निघत नाही. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंनी सही करण्याआधी कोणते प्रश्न विचारावेत, ते येथे सांगत आहे.

जायज की नाजायज?

आपल्याकडे विम्याची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न हाच येतो. १९८५ साली जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिक्ह अकॅडमीने व्यापारी विमा नाजायज व परस्पर सहकार्यावर चालणारा तकाफुल जायज, असा निर्णय दिला. भारतातील काही उलेमांनी मात्र दंगलीत जान-मालाला असणारा धोका पाहून सवलतीचे मतही दिले आहे. हा विषय माझा नव्हे. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना आपली परिस्थिती सांगून विचारावे. पण ज्यांनी बँकेचे कर्ज घेतले आहे त्यांच्या मालाचा विमा बहुतेक वेळा उतरलेलाच असतो. हप्ता जातोच आहे, तर त्यातून काय मिळणार हे तरी माहीत असावे.

जागा कोणती लिहिली आहे?

विमा जागेला बांधलेला असतो. पॉलिसीत जो पत्ता असेल त्याच पत्त्यावरील मालाचे नुकसान मिळते. आपल्याकडे गाळे बदलतात, सीझनला शेजारचा गाळा महिन्याच्या भाड्याने घेतला जातो, दुकानातील जास्तीचा माल घरच्या माळ्यावर जातो. पॉलिसी मात्र जुन्याच पत्त्यावर चालू राहते. त्यामुळे घर नंबर, गाळा नंबर, मजला, गल्ली हे सर्व बरोबर लिहिले आहे का ते पाहावे. जागा बदलली की कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर तशी दुरुस्ती, म्हणजे एंडोर्समेंट, करून घ्यावी. माल दोन-तीन ठिकाणी फिरता असेल तर सर्व ठिकाणांची मिळून एक फ्लोटर पॉलिसी मिळेल का, ते विचारावे.

जागेचे वर्णनही खरे असावे. पत्र्याचे छप्पर असेल तर पत्र्याचे, लाकडी माळा असेल तर लाकडी माळा असेच लिहावे. शेजारी सायझिंगचा बॉयलर किंवा चिंधीचे गोदाम असेल तर लपवू नये. विम्याचा व्यवहार पूर्ण विश्वासावर चालतो, असे कायदा मानतो. महत्त्वाची गोष्ट लपविली असे ठरले तर पुढे क्लेम नाकारला जाऊ शकतो. जागा सलग ३० दिवसांहून अधिक बंद राहिली तर संरक्षण थांबण्याची अटही साधारणपणे असते. मंदीत ज्यांचे कारखाने महिना-दोन महिने बंद राहतात त्यांनी हे खास विचारून घ्यावे.

माल कोणाचा?

आपल्या धंद्यात हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. व्यापारी सूत देतो, यंत्रमागवाला मजुरीवर कापड विणतो. कारखान्यात यंत्रमाग कारखानदाराचे असतात, पण बीमवरचे सूत आणि विणलेले तागे व्यापाऱ्याचे असतात. तेच कापड पुढे डाइंग-प्रोसेसिंगला जाते, तेथेही माल आपला आणि छत दुसऱ्याचे. आग लागली की व्यापारी समजतो कारखानदाराचा विमा आहे आणि कारखानदार समजतो व्यापाऱ्याचा असेल. पुष्कळदा दोघांच्याही पॉलिसीत तो माल नसतो.

मजुरीवर काम करणाऱ्याने आपल्या पॉलिसीत "स्वतःचा तसेच विश्वासाने अगर मजुरीकरिता ताब्यात असलेला दुसऱ्याचा माल" अशा अर्थाचे शब्द घालून घ्यावेत आणि विम्याची रक्कम त्या हिशोबाने ठेवावी. व्यापाऱ्याने ज्या-ज्या कारखान्यात, सायझिंगमध्ये व प्रोसेसमध्ये आपला माल पडून असतो त्यांचे पत्ते आपल्या पॉलिसीत लिहून घ्यावेत. माल देतानाच विमा कोणी उतरवायचा हे ठरवून चलनावर एक ओळ लिहावी. त्या एका ओळीने दोन घरांतील वर्षांचे संबंध टिकतात. मी असे संबंध तुटलेले पाहिले आहेत. आगीत माल गेला, आणि नंतर दोघे मशिदीच्या एकाच सफमध्ये उभे राहूनही एकमेकांना सलाम करीत नव्हते.

रक्कम किती?

हप्ता वाचवण्यासाठी माल कमी दाखविण्याची आपल्याला सवय आहे. "सगळा माल थोडाच जळतो," असे आपण म्हणतो. विमा कंपनीचा हिशोब मात्र वेगळा असतो. समजा गोदामात ४० लाखांचा माल आहे आणि विमा २४ लाखांचा काढला. आगीत १० लाखांचा माल गेला. आपल्याला वाटते, विमा २४ लाखांचा आहे, तेव्हा १० लाख सहज मिळतील. कंपनी म्हणते, तुम्ही मालाच्या शंभरातील ६० टक्क्यांचाच विमा घेतला, बाकीच्या ४० टक्क्यांचे विमेदार तुम्ही स्वतः. म्हणून १० लाखांवर ६ लाख. त्यातूनही प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची ठरावीक रक्कम, म्हणजे एक्सेस, आणि भिजलेल्या-करपलेल्या मालाची जी किंमत येईल ती वजा होते.

१ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही पॉलिसी सुरू झाली. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असेल त्यांच्यासाठी ती आहे. तिच्यात कमी विम्याची १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ धरली जाते. म्हणजे ४० लाखांच्या मालावर ३४ लाखांचा विमा असेल तर कपात नाही. त्याहून खाली गेलात की कपात आली. आपल्याला मिळणारी पॉलिसी हीच आहे की दुसरी, हे नाव घेऊन विचारावे.

रक्कम ठरविताना सरासरी माल धरू नये. रमजानपूर्वी आणि दिवाळीपूर्वी गोदाम छतापर्यंत भरते, त्या दिवसांचा माल धरावा. नाहीतर त्या महिन्यांपुरती रक्कम वाढवून घ्यावी. मालाची किंमत विक्रीच्या भावाने मिळत नाही, पडतळीने मिळते. आपला नफा त्यात येत नाही.

जीएसटीचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. जळालेल्या, चोरीस गेलेल्या अथवा नष्ट झालेल्या मालावर घेतलेले इनपुट क्रेडिट कलम १७(५) प्रमाणे परत करावे लागते. म्हणजे माल गेला आणि वर कराचा बोजाही आला. विम्याच्या रकमेत हा कर धरला आहे का आणि क्लेममध्ये तो मिळेल का, हे आपल्या अकाउंटंटला बसवून कंपनीकडून लेखी समजून घ्यावे.

कोणत्या कारणाने झालेले नुकसान मिळेल?

माझी चूक येथेच झाली होती. आग, वीज पडणे, स्फोट, भूकंप, वादळ-पूर, दंगल व संप, दहशतवादी कृत्य, या प्रत्येकाचे नाव घेऊन "हे आहे का?" असे विचारावे आणि पॉलिसीतील ती ओळ दाखवायला सांगावी. वर सांगितलेल्या सूक्ष्म उद्यम पॉलिसीत ही कारणे धरलेली आहेत. दुसऱ्या आगीच्या पॉलिसीत मात्र पुराचा किंवा दंगलीचा भाग वगळून हप्ता कमी केलेला असू शकतो. ज्या गावांनी १९८४ व १९९२-९३ पाहिले आहे तेथे दंगलीचा भाग सोडणे शहाणपणाचे नाही. इचलकरंजीने २०१९ चा महापूर पाहिला. नदी-नाल्याजवळ गाळा असेल तर पुराचा भाग सोडू नये.

काय मिळत नाही, तेही विचारावे. नुसती घरफोडी आगीच्या विम्यात येत नाही, तिची पॉलिसी वेगळी. तिच्यातही कुलूप अथवा दार तोडल्याची खूण लागते. माणूस उघड्या दारातून दोन तागे उचलून गेला तर पैसे मिळणे कठीण. टेम्पोत चढविलेला माल गोदामाच्या विम्यातून बाहेर पडतो, त्यासाठी वाहतुकीचा विमा लागतो. शॉर्टसर्किटने जी मोटर किंवा पॅनल स्वतः जळते तिचे नुकसान साधारणतः मिळत नाही. त्या आगीत पुढे जो माल जळतो त्याचे मिळते.

बँकेने काढलेला विमा

कॅश क्रेडिट घेतले की बँक विमा काढते, हप्ता खात्यातून जातो आणि पॉलिसी बँकेच्या फाइलीत राहते. तो विमा कित्येकदा कर्जापुरताच असतो. ४० लाखांच्या मालावर १५ लाखांचे कर्ज असेल तर विमाही १५ लाखांचाच. आता वरचा हिशोब पुन्हा करून पाहा. दरवर्षी नूतनीकरण झाले की पॉलिसीची झेरॉक्स बँकेकडून मागून घ्यावी. पत्ता, रक्कम व तारीख तपासावी आणि चूक असेल तर बँकेला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी.

फॉर्म आणि हप्ता

एजंट म्हणतो, "सेठ, येथे सही करा, बाकी मी भरतो." कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. उत्तरे एजंटने लिहिली तरी ती आपलीच मानली जातात. भाषा कळत नसेल तर शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून प्रत्येक प्रश्न वाचून घ्यावा आणि भरलेल्या फॉर्मची प्रत आपल्याजवळ ठेवावी.

विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे हप्ता आधी कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. एजंटच्या हातात रोख ठेवली म्हणजे विमा झाला असे नाही. हप्ता कंपनीच्याच नावे भरावा. चेक परत गेला तर विमाही गेला. नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या भिंतीवरील कॅलेंडरवर लिहून ठेवावी. एका दिवसाची खोटही महागात पडते.

नुकसान झालेच तर

ताबडतोब कंपनीला लेखी कळवावे. आग असेल तर अग्निशमन दल व पोलीस यांचे कागद घ्यावेत. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत जळालेला माल फेकू नये, मात्र वाचलेला माल बाजूला काढून जपावा, फोटो काढावेत. खरेदीची बिले, चलने व स्टॉकचे रजिस्टर यांची प्रत गोदामाबाहेर, घरी ठेवलेली असावी. हिशोबही गोदामातच जळाला तर माल होता हे सिद्ध करणे कठीण जाते. ज्यांचा धंदा कच्च्या चिठ्ठीवर चालतो त्यांचा क्लेम तेथेच अडतो.

कंपनीने कमी रक्कम देऊ केली आणि "संपूर्ण व अंतिम" अशा कागदावर सही मागितली तर न वाचता सही करू नये. रक्कम मान्य नसेल तर तसे लेखी कळवावे. कंपनीने तक्रार नाकारली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर एकट्याच्या मालकीचा धंदा असणारे व सूक्ष्म उद्योगवाले विमा लोकपालाकडे विनामूल्य जाऊ शकतात. महाराष्ट्रातही त्यांची कार्यालये आहेत. कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे.

आता दरवर्षी नूतनीकरणाच्या आठ दिवस आधी मी पॉलिसी काढतो. मुलगा वाचतो, मी गोदामाकडे पाहत ऐकतो. गेल्या वर्षी शेजारचा घेतलेला नवा गाळा त्यात नव्हता, तो घालून घेतला. अर्धा तास लागतो. आपणही आजच आपली पॉलिसी शोधून काढा आणि घरातील शिकलेल्या माणसाकडून एकदा शेवटपर्यंत वाचून घ्या.