दहिसरच्या चिखलात कोण राहतं?

दहिसर पश्चिमेच्या इमारती संपल्या की तिवरं लागतात, आणि तिवरांपलीकडे ओहोटीला मनोरी खाडीचा काळपट चिखल उघडा पडतो. लांबून ती ओसाड जागा वाटते. जवळून पाहिलं तर चिखलभर बारीक भोकं दिसतात. त्यांतल्या बऱ्याच भोकांखाली कुणीतरी वस्तीला असतं.

खुबे, तिसऱ्या, कालवं, चिंबोऱ्या ही मंडळी आपल्या ताटात येतात म्हणून ओळखीची. गोराई-मनोरीच्या कोळी बायकांना तर कोणतं शिंपलं कोणत्या गाळात सापडतं हे पाठ असतं. पण या वस्तीतले बहुसंख्य रहिवासी कुणाच्या ताटात येत नाहीत. अंगभर बारीक केस असलेले पॉलिकीट नावाचे सागरी कृमी, तांदळाच्या दाण्याहून लहान कवचधारी, गोगलगायी आणि एक नांगी भलतीच मोठी असलेले नर फिडलर खेकडे असे हे सगळे बिनकण्याचे जीव.

त्यांचं जगणं कष्टाचं आहे. बारीक गाळात प्राणवायू जेमतेम काही मिलिमीटर खोल पोचतो. त्याखाली प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू असतात. त्यांच्यामुळे गाळ काळा होतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. हा वास म्हणजे दरवेळी प्रदूषण नव्हे, निरोगी खाडीलाही तो येतो. कृमी आणि खेकडे बिळं खणून पाणी आत खेळवतात, तेव्हा खालच्या थरांना थोडा प्राणवायू मिळतो. तिवरांच्या मुळांनाही त्याचा फायदा होतो. त्यात पुन्हा पावसाळा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मुसळधार पावसात खाडीचं पाणी पार अळणी होतं आणि अनेक जीव मरतात. पाऊस ओसरला की पाण्यातून वाहत आलेली पिल्लं गाळात उतरतात आणि वस्ती पुन्हा भरू लागते.

या निसर्गक्रमात शहराने स्वतःची भर घातली आहे. दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावापाशी उगम पावते आणि सुमारे १२ किलोमीटर वाहून खाडीला मिळते. उद्यानात नितळ असलेलं तिचं पाणी बाहेर पडताच सांडपाणी, तबेल्यांचं शेण आणि प्लास्टिक घेऊन पुढे जातं. नदीच्या चर्चेत भिंती, गाळउपसा आणि २६ जुलै २००५चा पूर येतो. खाडीचा तळ फारसा येत नाही, आणि हीच मोठी उणीव आहे.

कारण पाण्याची बाटली भरून तपासली तर ती त्या घटकेपुरतंच सांगते. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं; सकाळचं पाणी संध्याकाळी तिथे नसतं. गाळातला कृमी मात्र कुठेही जाऊ शकत नाही. महिनोन्‌महिने वाहून आलेलं सगळं तो सोसतो, नाहीतर मरतो. म्हणून शास्त्रज्ञ लोखंडी जबड्यांचं यंत्र सोडून तळाचा ठरावीक तुकडा उचलतात, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत धुतात, जीव नीट दिसावेत म्हणून त्यांना गुलाबी रंग देतात आणि एकेक मोजतात.

पिअर्सन आणि रोझेनबर्ग या सागरी शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मांडलेलं चित्र आजही आधाराला घेतात. सेंद्रिय घाण फार झाली की तळ निर्जीव होतो. घाणीच्या उगमापासून थोडं दूर गेलं की कॅपिटेलासारखे काटक, छोटे कृमी प्रचंड संख्येने दिसतात, पण जाती मोजक्याच. आणखी दूर विविधता परतते. म्हणजे नुसती गर्दी पाहून खूश होण्यात अर्थ नाही. किती तऱ्हेचे जीव आहेत, हे पाहावं लागतं.

आशेला जागा आहे. स्वीडनमधल्या साल्टकेले फियॉर्डमध्ये लगद्याचा कारखाना १९६६ मध्ये बंद झाला, आणि साधारण आठ वर्षांत तळाची वस्ती बऱ्याच अंशी सावरली.

इकडे मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा दररोज २० कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प महापालिकेने आखला आहे, आणि वर्सोवा-भाईंदर किनारी रस्ताही दहिसरवरून नेण्याची योजना आहे. अशा प्रकल्पातून उरलेलं अतिखारट पाणी किंवा भरावाचा गाळ तळाला काय करतो, हे सांगायचं तर आजच्या तळाची नोंद हाताशी हवी; तीही पावसाळ्याआधीची आणि नंतरची, सलग काही वर्षांची. हे काम जाणणारी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मुंबई केंद्र आणि केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था या दोन्ही मुंबईच्या पश्चिम उपनगरांतच, अंधेरी-वर्सोवा भागात आहेत.